तक्ता धरणारी बाई

बी.एड.चा पाठ सुरू होतो तो एका लपाछपीने. आज काय शिकवायचं ते शिक्षकाला माहीत असतं, पण त्याने ते सांगायचं नसतं. प्रश्न असे विचारायचे, की तो शब्द वर्गातल्या कुणा मुलाच्या तोंडून बाहेर पडला पाहिजे. पडला, की आपण कौतुकाने ‘शाब्बास’ म्हणायचं, फळ्याकडे वळायचं, आणि ‘तर आज आपण हे शिकणार आहोत’ असं म्हणत तो ठळक अक्षरात लिहायचा. याला आम्ही प्रस्तावना म्हणतो. शिरूरच्या आमच्या कॉलेजात मी ती इतकी वर्षं शिकवत आले आहे, की घरी भाजी काय करायची हेही मी सरळ विचारत नाही, असं माझा नवरा म्हणतो.

शिरूरमधल्या ज्या शाळांत आमचे विद्यार्थी सरावाचे पाठ घेतात, तिथल्या मुलांना हा खेळ तोंडपाठ आहे. नवा छात्रशिक्षक घाबरलेला दिसला, की तीच त्याला धीर देतात. शब्द लवकर फोडत नाहीत, तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबतात. आम्ही मागच्या बाकांवर निरीक्षणाला बसतो आणि ‘प्रस्तावना समर्पक’ असा शेरा मारतो. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉलेजची प्रभारी प्राचार्य झाल्यावर मी एक नवी गोष्ट सुरू केली. दर शनिवारी ग्रंथालयात खुर्च्या गोल मांडायच्या, प्राध्यापक आणि छात्रशिक्षक सगळ्यांनी बसायचं, आणि शिकवणं, शिकणं, वर्ग सांभाळणं यावर मोकळेपणाने बोलायचं. नियम एकच, प्राचार्यांनी सर्वांत शेवटी बोलायचं. मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांची तोंडं बंद होतात, असं मी पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. विद्यापीठातून कुणी पाहुणे आले, की मी त्यांना चहा पाजता पाजता या शनिवारांबद्दल सांगत असे. खरं तर मिरवत असे.

यंदाच्या तुकडीत दौंडची एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं ते माझ्या वयाने, एरवी लग्न झालेली, एका लेकराची आई. घरी दखनी बोलायची, बाहेर आमच्यासारखंच मराठी. इंटर्नशिपला तिला पाटसजवळची एक शाळा मिळाली होती. साखर कारखान्याच्या परिसरातली ती शाळा, आणि तिथे बी.एड.वाले पूर्वी कधी फिरकले नव्हते. एका शनिवारी ती गोलात बसून म्हणाली, “मॅडम, आपली प्रस्तावना फक्त शिरूरच्या पोरांना येते. माझ्या वर्गात ती चालत न्हाई. पोरं खरं उत्तर देतात, आणि मला हवा तो शब्द त्यात नसतो.”

आमचे एक ज्येष्ठ सर हसले. “प्रश्न नीट विचारले की शब्द येतो,” म्हणाले.

“लहानपणी मला उत्तर माहीत असायचं सर,” ती म्हणाली, “पण बाईंना हवा तो शब्द माझ्या घरात नव्हता. मग मी हात वर करणंच सोडलं. मॅडम, माझा वार्षिक पाठ मला प्रस्तावनेशिवाय घेऊ द्या. पोरांच्या प्रश्नापासून सुरू करते.”

वार्षिक पाठ म्हणजे विद्यापीठाकडून परीक्षक येतात तो, शेवटचा. त्याच्या टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, माझी सही लागते. माझा नंबर शेवटी आला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला जरा चेव चढला. मी म्हणाले, “असं करू. तुमच्या शाळेत मी स्वतः पाठ घेते, नेहमीच्या पद्धतीने. जमला, तर तुम्हीही तसाच घ्यायचा. नाही जमला, तर तुम्ही म्हणाल तसं.”

टाळ्या पडल्या. तीही हसली. “चालेल मॅडम.”

गळीत हंगाम जोरात होता. चौफुल्यापासून पुढे आमची जीप उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने सरकत होती. सोबत ज्येष्ठ सर आणि चार छात्रशिक्षक, पाठ बघायला. विषय मी मुद्दाम सोपा घेतला होता, बाष्पीभवन. वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र असलेला एक तक्ता होता. तो धरायला कुणीतरी हवं, म्हणून ती फळ्याजवळ, माझ्या मागच्या बाजूला उभी राहिली.

“ओले कपडे दोरीवर वाळत घातले, तर त्यातलं पाणी कुठं जातं?” मी विचारलं.

“खाली ठिबकतं.”

“बरोबर. आणखी कुठं जातं?”

“मातीत.”

“आमची आई आधी पिळून काढती बाई, बादलीतच ऱ्हातं.”

मी हसून घेतलं. ठेवणीतला दुसरा प्रश्न काढला, तिसरा काढला. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली. अंगात थोरल्या कुणाचा तरी स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिने बाहेर बोट दाखवलं. “बाई, त्ये कारखान्याच्या चिमणीतनं पांढरं निघतंय, त्ये पाणीच हाय का?”

आणि मी म्हणाले, “बाळ, तो आज आपला विषय नाही. खाली बस.”

हे वाक्य मी म्हणाले. बाष्पीभवन शिकवायला शिरूरहून आलेली बाई, उसातलं पाणी वाफ होऊन आभाळात चाललेलं समोर दिसतंय, मुलगी नेमकं तेच विचारते आहे, आणि मी तिला खाली बसवते. कारण माझा शब्द अजून आला नव्हता. तेव्हा मला हे कळलंसुद्धा नाही. मला फक्त घड्याळ दिसत होतं, आणि मागच्या बाकावर सर आणि आमचे विद्यार्थी पेनाचं टोपण काढून, वहीत मान घालून लिहिताना दिसत होते. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने. मुलं माझ्याकडे बघेनाशी झाली. माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. मला वाटलं, तक्ता बघत असतील.

मग ती स्वेटरवाली मुलगीच एकदम म्हणाली, “वाफ!”

“वाफ, वाफ!” सगळा वर्ग ओरडला.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिला ‘शाब्बास’ म्हणाले, फळ्याकडे वळले आणि ठळक अक्षरात ‘बाष्पीभवन’ लिहिलं. पुढचा पाठ सरळ गेला. शेवटी आमच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “अनुभव तो अनुभव.”

मधल्या सुट्टीत मुलं खिचडीच्या रांगेला लागली. मी त्या मुलीजवळ गेले. कौतुक करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर करून घ्यायचंही होतं. “तुला कसं गं सुचलं वाफ?”

“त्या तक्ता धरलेल्या बाईंनी तोंड हालवून दावलं की,” ती सहज म्हणाली. “बोटानं वर वर केलं आन् वाफ म्हणल्या, आवाज न काढता. आमाला वाटलं तुमच्यात तसंच असतंय. एका बाईंनी इचारायचं, दुसऱ्या बाईंनी सांगायचं.”

ताट घेऊन ती पुढे सरकली. पलीकडे ती दौंडची मुलगी तक्त्याची सुरळी करून रबर लावत होती. हरली होती, आणि तिनेच स्वतःला हरवलं होतं. मी जीपकडे वळले. ती दौंडच्या गाडीत बसून गेली. आमची जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. सर माझ्या पाठाचं कौतुक करत होते आणि मी ‘हं, हं’ करत बाहेरचे कांद्याचे वाफे बघत होते.

शनिवारी सगळे गोलात बसले. एकेकाने माझा पाठ वाखाणला. प्रश्नांची चढण कशी होती, न डगमगता प्रतीक्षा कशी केली. न डगमगता! तिचा नंबर आला तेव्हा ती खाली बघून म्हणाली, “मॅडमचा पाठ जमला. माझं चुकलं. मी टाचण बदलून आणते.”

शेवटी बोलायचा माझाच नियम माझ्या गळ्यात आला. गप्प बसणं सोपं होतं. टाचण बदललं गेलं असतं, मी सही केली असती, आणि पाटसच्या पोरांना आणखी एक बाई ‘आणखी कुठं जातं’ विचारत उभी राहिली असती. मी सगळं सांगितलं. चिमणीचा प्रश्न, मी तिला खाली बसवलं ते, तोंड हलवून दाखवलेला शब्द, सगळं. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, नाक कापलं गेलं तर गेलं.

मग ज्येष्ठ सरांनी टाळी वाजवली.

“याला म्हणतात नेतृत्व!” ते म्हणाले. “चूक कबूल करायला धाडस लागतं.” बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारचं टिपण करणाऱ्याने ते लगेच उतरवूनही घेतलं. मी तोंडघशी पडले होते, आणि या लोकांनी मला उचलून पुन्हा मखरात बसवलं. इतकी लाज मला पाटसलाही वाटली नव्हती. तिथे निदान मी नापास झाले होते.

टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती. नंतर ती एसटी स्टँडकडे निघाली, तेव्हा मी तिला फाटकापाशी गाठलं. तिचा चेहरा उतरला होता.

“मॅडम, का सांगितलंत?” ती म्हणाली. “तुमचं नाव झालं. माझ्या मागे आता सगळे म्हणणार, ही पोरांना उत्तरं सांगते.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरेपणाच्या झटक्यात मी तिचं काय होईल हे पाहिलंच नाही.

“मग तुम्ही तरी का दाखवलंत तोंड हलवून?” मी विचारलं.

“तुमचा आवाज चिरका यायला लागला होता. पोरं हसायच्या बेतात होती. मला बघवंना.” पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तिने विचारलं, “आता पाठ माझ्या पद्धतीने घेऊ ना?”

“घ्या,” मी म्हणाले. माफी मागायची राहिलीच.

वार्षिक पाठाला विद्यापीठाचे परीक्षक आले, त्याच शाळेत, त्याच वर्गावर. तिला मदत करणारी मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली. मी पुढे झाले. “तक्ता मी धरते.” काही तरी फेडल्यासारखं वाटत होतं. परीक्षक म्हणाले, “वा मॅडम, प्राचार्य असून!” ते ऐकून मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तिने प्रस्तावना केलीच नाही. सरळ त्या स्वेटरवाल्या मुलीकडे गेली. “त्या दिवशी तू मोठ्या बाईंना काय विचारलं होतंस?”

मुलगी उठली. “चिमणीतनं पांढरं निघतंय, त्ये पाणीच हाय का?”

“तुला काय वाटतं?”

मुलगी थांबली. वर्ग थांबला. परीक्षकांनी मान वर केली. बराच वेळ गेला, आणि ती दौंडची बाई काही बोलेना, नुसती तिच्यासमोर उभी राहिली. हिचा पाठ हातचा चालला, आणि तो माझ्यामुळे असा झाला, असं वाटायला लागलं. तेवढ्यात त्या मुलीने बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तक्ता धरणाऱ्या बाईकडे. तिला आम्हीच शिकवलं होतं ना, शब्द तिथून येतो म्हणून.

आणि माझे ओठ हलले. आपोआप. ‘वाफ’ म्हणून मी ते मिटलेसुद्धा.

दौंडच्या बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मुलीच्या नजरेवरूनच त्यांना कळलं असावं. शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तक्ता टेबलावर ठेवता का? आणि थोडा वेळ बाहेर बसा.”

परीक्षकांसमोर. मी तक्ता ठेवला आणि खाली मान घालून व्हरांड्यात आले. दार अर्धवट लोटलेलं होतं. समोर कारखान्याची चिमणी पांढरं सोडत होती. आत अजून शांतताच होती.

मग त्या मुलीचा आवाज आला. “बाई, त्या गेल्या का?”

“गेल्या.”

“मग सांगते,” ती म्हणाली.