एका ताऱ्याची दोन गणितं

मी स्वभावानंच संशयी. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर घातली तर घरी येऊन आधी वांगी उलटून बघणारी. त्यामुळे ताऱ्याचं गणित दोघांकडून वेगवेगळं करून घ्यायचं असं सरांनी ठरवलं, तेव्हा मला त्यांची पद्धत फार पसंत पडली.

हैद्राबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिकत. मी धाराशिवला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. सर हायस्कूलचे, हैद्राबादेत शिकलेले. त्यांना वेड एकच, ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते कागदावर काढायचं. तारा कांद्यासारखा थराथरांचा धरायचा आणि मध्यापासून बाहेर निघायचं. दर थराला आतलं वस्तुमान थोडं वाढतं, दाब थोडा उतरतो. एका थराचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याला हात लावता येत नाही. असे दोनशे थर. दाब शून्यावर आला की तारा संपला. परदेशात हे काम यंत्रं करतात म्हणे. आमच्याकडे लॉगची पुस्तकं होती, पेन्सिली होत्या आणि आम्ही दोघं होतो.

दुसरे म्हणजे चाचा. निजामाच्या काळात पैमाइशीत, म्हणजे जमीनमोजणीच्या कचेरीत, तीस वर्षं आकडेमोड करून घरी बसलेले. येडशीहून मोटारीनं यायचे, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि पेन्सिलीला टोक करायचे. मला ‘बेटी’ म्हणायचे. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत हा सरांचा नियम होता. ते दोघांचे कागद वेगळ्या पेट्यांत कुलपात ठेवत आणि रविवारी समोरासमोर मांडत. अर्थात आमच्याकडेही लोक संशयानं बघतच होते. नुसत्या आकड्यांचे हे कागद हैद्राबादला कुणाला जातात, असं पोस्टमास्तरांनी सरांना दोनदा विचारलं होतं.

ते कागद तिथल्या एका प्राध्यापकांना जायचे. गणित जमलं तर ते संशोधनासाठी एक जागा देणार होते आणि सरांनी माझं नाव कळवलं होतं. इकडे घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून नको होती. ती जागा मिळाली तरच माझी सुटका होती.

आणि गणित जमेना. पहिल्या एक-दोन थरांपर्यंत आम्ही सोबत असायचो, मग चाचांचा वस्तुमानाचा आकडा शेवटच्या घरात एकानं वाढायचा, पुढं दोनानं, पुढं पाचानं. वस्तुमान जास्त म्हणून दाब लवकर उतरायचा आणि शेवटी त्यांचा तारा माझ्या ताऱ्यापेक्षा बराच आधी संपायचा. सर चष्मा काढून म्हणाले, “कुणाचा तरी हात चुकतोय. हे असं पाठवता येणार नाही.”

मी रात्रंदिवस त्याचाच विचार करत होते. माणूस चुकतो तेव्हा कधी जास्त धरतो, कधी कमी. चाचांची चूक नेहमी एकाच बाजूला, वरच. म्हणजे ती चूक नव्हे, ते मुद्दाम आहे. आणि माझ्यापेक्षा नेमकं थोडं जास्त लिहायचं तर माझा कागद आधी बघायला हवा. त्याच सुमाराला चाचांनी सरांना विचारलेलं मी ऐकलं होतं, “माझा भाचा बी.एस्सी. झालाय. त्या जागेसाठी त्याचं काही जमंल का?”

मग काय, मला सगळं लख्ख दिसायला लागलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाची सत्ता गेल्यापासून आमच्या घरात मुसलमानांबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं. मी शिकलेली, त्या बोलण्याच्या पलीकडची, असा माझा समज होता. पण सरांना एकटं गाठून मी जे बोलले, त्यात त्या दबक्या आवाजातलं बरंच काही होतं. चाचा माझी पेटी उघडतात, कागद बघतात आणि भाच्यासाठी गणित बिघडवतात, असं मी सांगितलं. पुरावा म्हणून ती एका बाजूची चूक दाखवली. सरांना माझं तर्कशास्त्र पटलं.

दुसऱ्या रविवारी सर म्हणाले, “चाचा, तुम्ही आता त्रास घेऊ नका.” चाचांनी कारण विचारलं. सरांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाचांनी टोपी घातली आणि ते पायऱ्या उतरले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

पुढं सरांनी चाचांचे कागद मला तपासायला दिले. चाचा समासात पूर्ण उत्तर लिहून ठेवत, सगळे आकडे. आम्हाला पाचच घरं ठेवायची होती. पुढचा आकडा पाचाच्या खाली असला तर सोडून द्यायचा, नाहीतर एक वाढवायचा, हे मी शाळेत पोरींना शिकवत होते. चाचांनी मात्र दर वेळी वाढवला होता. पुढं दोन असो, एक असो, वाढवलाच होता. प्रत्येक थराला, प्रत्येक बेरजेला. त्यांना माझा कागद बघायची गरजच नव्हती.

मी येडशीला गेले. दार त्यांनीच उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

“चाचा, पुढं एक असला तरी तुम्ही आकडा का वाढवत होतात?”

“म्हंजे काय? मोजणीत जिमिनीचा तुकडा सोडायचा न्हाय. राहिला तर सरकारचा सारा बुडतो. आमच्या दफ्तरात कायम वरचंच धरायचं, तीस साल तेच केलं. चुकीचं व्हतं तर तवाच सांगायचं न्हाय का?”

“मी चुकले. मी सरांना सांगते.”

“सांगून काय व्हतंय, बाई? हायस्कुलातनं बोभाटा झालाय, लोक म्हणत्यात, बुढ्ढ्यानं पोरीची पेटी फोडली. भाच्याला मास्तरकी मिळत व्हती, तिथं बी हेच इचारलं. तुम्ही लिहून द्या. तुमच्या सहीनं.”

‘बेटी’ गेलं होतं. मी ‘बाई’ झाले होते, आणि ‘तुम्ही’. त्याचं मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच मनात आलं, सहीचा कागद कशाला हवा? तो हैद्राबादला गेला तर? खोटी तक्रार करणारीला जागा कोण देईल? मग ती भाच्यालाच मिळेल. एवढं कळूनही मी त्यांच्या मागणीत डावच शोधत होते.

“आणून देते,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

सरांनी माझे कागद पाठवले, ते तिकडे पसंत पडले. महिन्याभरात मी हैद्राबादला गेले. पुढं आयुष्यभर ताऱ्यांचीच गणितं केली, नंतर नंतर तर यंत्रांवरही. सरांना मी खरं काय ते सांगितलं नाही. चाचांना लिहून द्यायचं राहून गेलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. राहून गेलं नव्हतं. मी दिलं नाही.