शिवप्पाचा लेथ

आमच्या कारखान्यात पाण्याच्या पंपाचे सुटे भाग बनतात. अणदूरचा शिवप्पा तिथं एकवीस वर्षं लोखंड कातायचा एकच लेथ चालवतो. कामगारांना प्रेरणा देणारे साहेब या काळात पाच बदलले. माल मात्र शिवप्पाच देत राहिला.

खंडेनवमीला आमची जुनी रीत अशी, की जो मशीन चालवतो त्यानंच ते पुसायचं, हार घालायचा आणि नारळ फोडायचा. बायकापोरं आत येऊन बघतात.

यंदा पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांनी कामगारांकडून एक अर्ज भरून घेतला : ‘आपणास प्रेरणा कशातून मिळते?’ शिवप्पानं लिहिलं, ‘खंडेनवमी’. साहेब खूप हसले. मग त्यांनी ठरवलं, की पूजा एकाच मशीनची, तीही मालकांच्या हस्ते. बाकीच्यांनी कुटुंबासह मंडपात बसून प्रेरणेवरचं व्याख्यान ऐकायचं. ऑफिसातला कारकून म्हणून परिपत्रक मीच काढलं.

शिवप्पा माझ्या टेबलाशी आला. “साहेब, फुडल्या साली म्या रिटायर. माज्या बायकूनं, गंगम्मानं, माजं मशीन एकदा बी बघितलं न्हाय. घरात घट आसतो, दिवा सोडून यायचं कसं? औंदा सून हाय, म्हून येती म्हनली.”

“मंडपात मोठा पडदा लावलाय. त्यावर दिसेल,” मी म्हणालो.

“फोटू तर मोबाइलवर बी हाय की.”

खंडेनवमीला व्याख्याते मंडपात गरजत होते, “कामावर प्रेम करा! तीन टाळ्या!” टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून गंगम्मानं मोठ्यानं विचारलं, “आवो, तुमचं मशीन कुटंय?”

“आजी, आत आहे. आज आत जाता येणार नाही,” साहेब म्हणाले.

“मग मला कशाला बोलिवलं? वरडनारी मानसं गावात लई हायत.”

ती उठून शेडकडं निघाली. मागं शिवप्पा, त्याच्या मागं रांगाच्या रांगा. आपल्या भाषणानं माणसं पेटली असं वाटून व्याख्याते ओरडले, “हीच ती ऊर्जा!” ते ऐकून, हा कार्यक्रमाचाच भाग समजून, शेडच्या दारावरच्या वॉचमन बलभीमनंही वाट सोडली.

गंगम्मानं लेथ खालून वर न्याहाळला. “येवढंच व्हय? एकवीस साल ह्याच्यापायी जेवान गार केलंत?”

“थांब जरा.” शिवप्पानं लोखंडाचा तुकडा बसवला, बटन दाबलं. लोखंडाची चकचकीत साल वेटोळं घेत सुटली. गंगम्मानं पदर तोंडाला लावला आणि ती बराच वेळ बघत राहिली. मग आजूबाजूच्यांनीही आपापली मशीनं सुरू केली.

पूजा उरकून आधीच निघून गेलेल्या मालकांना साहेबांनी कळवलं, ‘व्याख्यानाने भारावून कामगारांनी सुट्टीच्या दिवशी स्वयंस्फूर्तीने काम सुरू केले.’ व्याख्यात्यांना पुढच्या वर्षाचं निमंत्रण गेलं आहे.