सातबाजारातला बंद दिवस

"आठ दिवसांत दुसऱ्या सीझनची गोष्ट द्या, आजी. नाहीतर कंपनी सातबाजार दुसऱ्या लेखकाला देईल," मानसी मॅडम पुण्याहून फोनवर म्हणाल्या.

"माहा मुलूख दुसऱ्याले कसा देता?"

"करारात तसं आहे."

होतं तसं. खाली सही माझीच होती.

मी शेलूबाजारला राहते. शिक्षण चौथीपर्यंत. मोबाइलवरच्या एका ऑडिओ अ‍ॅपसाठी जादूच्या गोष्टी रचते आणि माझ्याच आवाजात सांगते. एक भाग म्हणजे एपिसोड. पुष्कळ एपिसोड मिळून सीझन, म्हणजे गोष्टीचा एक हंगाम. मॅडम माझ्या एडिटर. गोष्ट कुठं ढिली पडते ते त्या दाखवतात.

सातबाजार हा मी वसवलेला मुलूख. या वसवण्याला अ‍ॅपवाले वर्ल्डबिल्डिंग म्हणतात. नवे लोक आधी राजवाडे आणि उडते घोडे आणतात. मी आधी कायदा ठरवते. जादू कुठं चालते आणि कुठं थांबते, एवढं पक्कं झालं की माणसं आपोआप राहायला येतात. सातबाजारचा कायदा एकच. सात गावं, प्रत्येकाचा बाजार वेगळ्या वारी. ज्या गावात बाजार, तिथं त्या दिवशी कोणी कोणाला मारू शकत नाही. राजा असो की राक्षस, उचललेला हात खाली येतच नाही. राजाचं गुपित पाहिलेली, बांगड्या विकणारी सरू पहिल्या सीझनभर बाजारामागून बाजार करत फिरली. शिपाई मागं होते, पण तिला कोणी हात लावू शकलं नाही. ऐकणाऱ्यांना ते फार आवडलं.

घोळही तिथंच झाला. सरू रोज सुखरूप, मग आता भीती कशाची?

"राजाला अशी तलवार देऊ, जी बाजारातही चालते," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या लेखकानं तसं लिहूनही दिलंय."

"मंग कायद्याले काय अर्थ राह्यला? ऐकनारा म्हनीन, बुढीनं फसवलं."

"तुमच्याकडे काय आहे?"

"सध्या काही नाही."

पुढचे दिवस मी जे रचलं ते मीच मोडलं. सरूला आजारी पाडलं. प्रेमात पाडलं. तिला एक मुलगी दिली. अशानं एपिसोड वाढतात, गोष्ट वाढत नाही.

मुदत संपत आली तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान बाजाराच्याच दिवशी आलं. मतदानाला आठवडी बाजार भरू देत नाहीत. मी मत देऊन निघाले, तर बाजाराच्या मोकळ्या मैदानात इंझोरीची शेवंता बसलेली. तिच्यापुढं सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा ढीग. तिच्या गावात मतदान नव्हतं, त्यामुळं तिला काही माहीत नव्हतं. जीपवाला तिला उतरवून निघून गेला होता.

"काहून बसली व इथं? बाजार बंद हाय आज."

"आता समजलं मले. पोलीस म्हनते, ऊठ. जीप तं सांजच्याले येईन. इथं बसू देत नाही, घरी जाता येत नाही. मी कुठची झाली आज?"

"उभी राह्यली असती इथून, तं सरपंच झाली असती."

"तुह्या गावात? तूच पाडलं असतं मले."

ती चिडून जुड्या गोळा करू लागली आणि मला सरू दिसली.

राजाला बाजाराचा कायदा मोडता येत नव्हता. पण बाजारच बंद ठेवता येत होता. तलवारीची गरजच नाही. आठवड्यात एक दिवस असा, की सरूला कुठंच आसरा नाही.

शेवंताला माझ्या ओट्यावर बसवलं आणि मॅडमना फोन लावला. गोष्टीचा माल असा तोंडी दाखवण्याला पिच म्हणतात.

"राजा एक बाजार बंद करते," मी म्हटलं.

"एकच?"

"एकच. सरू बांगड्या घेऊन पोचते अन् मैदान रिकामं. शिपाई उभे."

मॅडमनी विचारलं, "बाकीच्या गावांनी बाजार बंद होऊ कसा दिला?"

प्रश्न नेमका होता. मालिका अशाच प्रश्नानं वाढते. एक वस्तू हलवली की विचारायचं, यात अडलं कोण आणि फावलं कोणाचं? बाजार बंद झाला तर शेजारच्या गावाचा धंदा वाढला. म्हणून ते गाव राजाला जाऊन मिळालं. हा दुसरा सीझन. राक्षस बंद झालेल्या बाजारात मीठ घ्यायला यायचे. मीठ मिळेना, म्हणून ते सरूच्या बाजूनं झाले. हा तिसरा. मी बोलत गेले. शेवंता जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती.

"हे आत्ता रचलंत?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"वरच्यांना तलवार आवडली आहे. मला भांडावं लागेल."

"भांडा. त्याईले इचारा, तलवारीच्या नंतर काय? तोफ?"

मॅडम हसल्या. "हेच विचारते."

मी फोन ठेवला. शेवंता म्हणाली, "त्या सरूले मारजो नोको."

"ते अ‍ॅपवर ऐकजो."

सातबाजार माझ्याकडेच राहिला. तिसरा सीझन चालू आहे, चौथा ठरला आहे. मध्यंतरी रिठदला एका लग्नात दोन अनोळखी बाया पंगतीत भांडत होत्या. दोष राजाचा, की शेजारचा बाजार बंद होऊ देणाऱ्या गावाचा? दोघींच्या ताटातलं वरण गार झालं. मी कोण ते सांगितलं नाही. पुन्हा वाढून घेतलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

नवे लिहिणारे विचारतात, मालिका लांबवायला आणखी काय घालावं? काही घालू नका. लोक ज्याच्या भरवशावर घराबाहेर पडतात, ते एक दिवस बंद करा. मग कोण कुठं अडकलं ते नीट बघा. एवढं जमलं तर राक्षस कसाही चालतो.