हवेला वळण लावणारी बाई

माझा पुढचा दात एका टोस्टने पाडला. टोस्ट चहात बुडवून मऊ केलेला होता, ही गोष्ट मी आजवर लपवून ठेवली आहे. विचारणाऱ्याला मी मारामारी झाली असं सांगतो. लोक माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघतात आणि विचारतात, "पळताना पडलात का?"

तर ते खिंडार घेऊन मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत डोकावून मान हलवली आणि म्हणाले, "मागच्या खोलीत जा. तिथे नवीन दात करून मिळेल." मी मागच्या खोलीचं दार ढकललं आणि जागीच माझी दातखिळी बसली. उरलेल्या दातांची.

टेबलावर एक घसा पडला होता. माणसाचा नव्हे. गुलाबी, चकचकीत, वीतभर लांब, एका टोकाला गोल आणि मध्येच गुडघ्यासारखा वाकलेला. पृथ्वीवरचा शेवटचा डायनॉसोर घशाच्या विकाराने गेला आणि त्याचं शवविच्छेदन इथेच झालं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. त्या घशापलीकडे एक बाई बसली होती. डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडाला मास्क, डोक्याला फडकं. तिच्या हातातलं यंत्र शंभर डास एकदम चिडावेत तसं किंचाळत होतं आणि चंदेरी भुगा थेट माझ्या बुटांवर येत होता.

"आ करा," ती वर न बघताच म्हणाली.

मी कशीबशी दातखिळी सोडवून 'आ' केला. तिने यंत्र बंद केलं, टॉर्च घेतला आणि पडलेल्या दाताची जागा ओलांडून सरळ आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "वा! काय सुंदर वळण आहे!"

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही अवयवाला कुणी सुंदर म्हटलेलं नव्हतं. मी लाजून विचारलं, "दाताचं म्हणता का?"

"दात जाऊ द्या हो. घसा! हवा कशी अलगद उतरत असेल खाली. आमच्या हेडला असं वळण असतं ना, तर मी आज पाय पसरून झोपले असते."

कवळीताईंची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्यांना सगळे कवळीताईच म्हणत, कारण एकोणीस वर्षं त्या याच मागच्या खोलीत कवळ्या करत होत्या. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं. पण त्यांचा जीव मात्र दुसरीकडेच होता. धाकटा भाऊ बाइक शर्यतींत पळवायचा आणि त्या बाइकच्या इंजिनाला श्वास घ्यायला शिकवणं हा ताईंचा खरा उद्योग. टेबलावरचा घसा म्हणजे त्याच इंजिनातल्या हवेच्या वाटेचा साचा होता. कवळीसाठी तोंडाचं माप ज्या गुलाबी रबराने घेतात, तेच रबर त्यांनी इंजिनात ओतलं होतं.

ही भानगड मला ताईंनी समजावून सांगितली, आणि मला समजली म्हणजे कुणालाही समजेल. इंजिनाला पेट्रोल पाजणं सोपं असतं, हवा पाजणं अवघड. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं ते हेड. त्या हेडमध्ये बोगद्यासारखी एक वाट असते, तिला पोर्ट म्हणतात. बाहेरची हवा पोर्टमधून येते, शेवटी खाली वळते आणि व्हॉल्व्ह नावाच्या दारातून इंजिनात शिरते. जितकी जास्त हवा, तितका जास्त जोर. कारखान्यातून येणारं पोर्ट घाईघाईत ओतलेलं, ओबडधोबड असतं. ते घासून नीट करणारे कारागीर असतात.

गावातला असा नामवंत कारागीर म्हणजे आरसा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. तो प्रत्येक पोर्ट घासून मोठं करायचा आणि मग पॉलिश करायचा, इतकं की आत बघून भांग पाडावा. गिऱ्हाईक आत डोकावलं की त्याला स्वतःचा चेहरा दिसे, आणि स्वतःचा चेहरा बघून खूश न होणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

"चकाकतं ते धावतं, असं समजतात लोक," ताई म्हणायच्या. "हवेला काय तोंड बघायचंय का आरशात?"

ताईंच्या डोक्याला मात्र त्या दिवसांत खरीखुरी काळजी होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की वर्षअखेरीपासून कवळ्या बाहेरच्या लॅबमधून येतील. तिथे यंत्र आहे, बटण दाबलं की दात पडतो. म्हणजे ताईंची मागची खोली जाणार होती. आणि नेमकं तेव्हाच डोंगर-चढाईच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबला सहा बाइकच्या हेडचं वर्षभराचं काम कुणाला तरी द्यायचं होतं. अध्यक्षांनी दोन नावं निवडली, आरसा आणि कवळीताई. सारख्याच दोन बाइक, सारखीच इंजिनं. एकाचं हेड आरसा करणार, दुसऱ्याचं ताई. शर्यतीत जी बाइक डोंगर लवकर चढेल, ती बघून निर्णय.

"हे काम मिळालं तर मी जन्माची सुटले," ताई मला म्हणाल्या. "नाहीतर त्या लॅबमध्ये जाऊन बटण दाबायची नोकरी मागायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं एकोणीस वर्षं भरलं. आता नाही भरायचं."

पण हे बोलताना आवाजात रड नव्हती. भाजीवाल्याला 'उद्या चांगली आण' म्हणावं, तशा त्या बोलत होत्या. जिंकणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. कसं जिंकणार, तेवढंच शोधायचं होतं.

माझा दात तीन दिवसांत झाला. मी मात्र पुढचे दोन महिने तिथेच होतो. बायको म्हणाली, "दात एक पडला आणि फेऱ्या बत्तीस! आत नक्की काय बसवून घेताय?" मी म्हटलं, विज्ञानाला मदत करतोय. ती म्हणाली, "विज्ञानाची एवढी वाईट वेळ आली?"

माझी मदत म्हणजे पाणी वाचणं. ताईंनी एका जुन्या लाकडी कपाटात दोन व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी बसवल्या होत्या. कपाटाच्या माथ्यावर भोक, भोकावर हेड घट्ट बसवलेलं, आणि शेजारी काचेच्या नळीत लाल पाणी. मोटर चालू झाली की कपाट पोर्टमधून हवा ओढायचं आणि नळीतलं पाणी सरकायचं. किती सरकलं त्यावरून किती हवा गेली ते कळे. मी आकडा ओरडायचो, ताई लिहायच्या. त्या मोटरींचा आवाज पुढच्या खोलीत गेला की डॉक्टरांचे पेशंट आपापसात बघत आणि त्यातला एखादा 'आलोच' म्हणून कायमचा निघून जाई.

एके दिवशी ताईंनी एका तारेच्या टोकाला दोरा बांधला आणि चालू हवेत पोर्टमध्ये घातला. पोर्टच्या छतापाशी दोरा ताठ उभा राहिला, शाळेतल्या हुशार मुलासारखा. तळाशी, जिथे वाट खाली वळते, तिथे तो लोळायला लागला. मध्येच उलटा फिरला.

"पाहिलंत?" ताई म्हणाल्या. "वळण एवढं तीव्र आहे की तळाची हवा वळतच नाही. सरळ जाऊन भिंतीवर आपटते. निम्मा रस्ता ती नुसतीच अडवून बसलेली आहे. आरसा हाच रस्ता अजून रुंद करणार."

"मग तुम्ही काय करणार?"

त्यांनी लहान मुलं खेळतात ती हिरवी माती घेतली आणि बोटाने पोर्टच्या तळाला थापली. कोपरा होता तिथे उतार झाला. मोटर चालू केली. मी पाणी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पोर्ट लहान झालं होतं आणि हवा जास्त जात होती.

धाकटा संध्याकाळी आला आणि हे ऐकून मटकन स्टुलावर बसला. "ताई, सगळं जग भोक मोठं करतंय. तू बुजवतेस?"

"जगाचं ऐकून तू तीनदा आपटलास, तेव्हा पुढचे चार दात कुणी करून दिले?"

"अगं पण मी क्लबात सांगू काय? दोन महिने घेतले आणि बहिणीने इंजिनात माती कालवली?"

"माती नाही राहणार. दात किडला की काय करतात? भरतात. तसंच भरणार."

दोन नळ्यांतला लेप एकत्र कालवला की दगडासारखा कडक होतो, तो एपॉक्सी ताईंनी आणला आणि मातीच्या जागी भरला. वर ब्रशचा हात फिरवून असा आकार दिला की मला उगीच माझ्या घशाची आठवण झाली आणि अभिमान वाटला. मग कवळ्या ज्या भांड्यात उकळतात त्याच भांड्यात हेड तीन तास उकळलं. इंजिन तापतं, तेव्हा लेप टिकतो का ते बघायला नको का? बाहेर काढलं, चिमट्याने जरा टोचलं, आणि सगळा लेप अखंड, एका तुकड्यात, कवळी निघावी तसा निघून टेबलावर पडला.

शर्यतीला नऊ दिवस होते. हाच तुकडा चालू इंजिनात सुटला असता तर व्हॉल्व्हमधून खाली जाऊन पिस्टनचा चुरा झाला असता, आणि बाइक डोंगराच्या मधल्या वळणावर धाकट्यासकट थांबली असती. वळणाच्या पलीकडे काय असतं हे सांगायला नको.

ताईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटा केला. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती.

"मूर्ख बाई!" त्या म्हणाल्या. धाकट्याने आणि मी, दोघांनीही मागे वळून पाहिलं, पण बोलणं स्वतःलाच होतं. "आरशाला हसले आणि भरायच्या आधी मीच तळ घासून गुळगुळीत केला. गुळगुळीत जागेवर फिलिंग टिकतं का कधी? शिकाऊ पोरगीसुद्धा ही चूक करत नाही."

पुढचे चार दिवस त्यांनी पोर्टच्या तळाला बारीक खाचा पाडल्या. आत गेल्यावर रुंद होणाऱ्या खाचा, म्हणजे लेप आत शिरला की अडकून बसेल. धातू जेमतेम तीन मिलिमीटर जाड. खाच जास्त खोल गेली तर हेड आरपार, आणि दुसरं हेड नाही. दाताच्या टोपीची जाडी मोजायचा एक वाकडा चिमटा असतो, त्याने त्या दर मिनिटाला भिंत मोजत. हात दगडासारखा स्थिर. मी मात्र दर मिनिटाला 'गेलं का आरपार?' विचारत होतो, म्हणून त्यांनी मला बाहेर चहा आणायला पाठवलं आणि चहा सांडल्यावर घरी पाठवलं.

नवीन लेप दोनदा उकळला, एक रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवला, हातोडीच्या दांड्याने ठोकला. हलला नाही.

"सुटलं तर?" बाइकवर बसताना धाकट्याने विचारलं.

"नाही सुटणार."

"पण समजा."

"समजायचं असतं तर मी हातोडीने कशाला ठोकलं असतं? शेवटच्या वळणापर्यंत ॲक्सिलरेटरची मूठ सोडू नकोस. आणि तोंड मिट, माशा जातील."

डोंगराच्या पायथ्याशी माणसांची जत्रा होती. आरसा पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. तो ताईंना म्हणाला, "ऐकलं, तुम्ही पोर्ट बुजवलंत म्हणे?"

"हो. तुमचं बघून आले, म्हटलं एवढं मोठं भोक भरायला कुणीतरी पाहिजेच."

आरशाची बाइक आधी गेली. चौदा वळणं, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. टाळ्या पडल्या. मग धाकटा गेला. सरळ रस्त्यावर दोन्ही बाइक सारख्याच वाटल्या, पण वळणातून बाहेर पडताना आरशाची बाइक जिथे दम खात होती, तिथे धाकट्याची मुसंडी मारत होती. माझं काळीज तोंडात आलं होतं. नवीन दात होता म्हणून बाहेर पडलं नाही. दोन मिनिटं अडतीस!

धाकटा खाली आला तो ओरडतच. "ताई! तीन सेकंद! तीन!" लोकांनी त्याला उचललं. ताई मात्र बाइकपाशी खाली बसून इंजिन थंड व्हायची वाट बघत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी पोर्टच्या तोंडाशी हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उतरवला, डॉक्टरांचा दांडीचा छोटा आरसा पोर्टमध्ये घातला, टॉर्च मारला आणि बराच वेळ आत पाहिलं. लेप जसाच्या तसा होता. तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "किती सेकंद म्हणालास?"

अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. असं हेड मी तीस वर्षांत पाहिलं नाही, म्हणाले. आरशानेसुद्धा येऊन पोर्टमध्ये डोकावून पाहिलं आणि आपला चेहरा न दिसल्यामुळे टॉर्च मागितला.

आठवड्याने क्लबचं पत्र आलं. काम आरशाला दिलं होतं. कारण लिहिलं होतं: त्याच्या वर्कशॉपसमोर सहा बाइक उभ्या करायला जागा आहे.