नागपूरला धाडलेले बाक

माझा नवरा सुतार आहे. वसईजवळ गिरीजला आमच्या वाडीत, केळीच्या बागेला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना. तो लाकूड बघतो, मी माणसं बघते. गिऱ्हाइकं, फोन, वखारवाल्याशी भांडणं, सगळं माझ्याकडे. ही वाटणी लग्नानंतर आपोआप झाली, कारण त्याला मोठ्याने बोलता येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही.

नागपूरच्या बाहेर एका वस्तीत नवीन देऊळ बांधलं जात होतं. आम्ही वसईची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. तिथले फादर आमच्या शेजारच्या गावचे. लहानपणापासून त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या हातचे बाक बघितलेले, म्हणून तिथे इतके सुतार असताना त्यांनी आम्हाला काम दिलं.

नवरा त्या कामात बुडून गेला. पाठीचा कल किती ठेवायचा यासाठी त्याने स्वतःच्या आईला कच्च्या बाकावर बसवलं. "मिस्सा संपेपर्यंत बसून बघ," म्हणाला. मिस्सा म्हणजे आमची देवळातली उपासना. सासूबाई खरंच तासभर बसल्या, रोझरीची माळ म्हटली आणि उठताना म्हणाल्या, "कंबर दुखली नाय." मग त्याच मापाने सगळे बाक झाले. गुडघे टेकायच्या फळीची कड त्याने हाताने गोल केली. मशीनने ती टोचते असं त्याचं म्हणणं. अख्खा पावसाळा यात गेला. दिवाळीच्या आधी शेवटचं पॉलिश झालं आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

गाडी ठरवायचं काम माझं. हायवेला एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस आहे. मॅनेजर चाळिशीतला, बोलायला गोड. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, "पूर्ण गाडी आमचीच ना? वाटेत दुसरा माल चढवणार नाही ना?"

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. गाडी तुमच्याकडे बंद होणार ती नागपूरलाच उघडणार."

गाडी आली. ड्रायव्हर बीडकडचा, पन्नाशीचा, केस पिकलेले. बाक बघून त्याने आधी चप्पल काढली. मला हसू आलं, पण बरंही वाटलं. आम्ही प्रत्येक दोन बाकांच्या मध्ये जुन्या गोधड्या घातल्या, वरून ताडपत्री. दोर त्याने स्वतः आवळले. जाताना म्हणाला, "ताई, माझ्या घरचं सामान समजून नेतो."

नंतर गाडी कुठे आहे ते कोणी सांगेना. ड्रायव्हरचा फोन लागेना. मॅनेजरला विचारलं की, "रनिंगमध्ये आहे मॅडम." चिंचोटीहून भिवंडीला जाणारा तो रस्ता! त्या खड्ड्यांत रिक्षासुद्धा आडवी होते. तिथे अडकली असेल असं आम्ही धरलं. समृद्धीवर चढली की पोचेल म्हटलं. ठरलेला दिवस गेला. पुढचाही गेला.

मग सकाळी फादरांचा फोन आला. आवाज पडलेला. "फोटो पाठवलेत. आधी तू बघ, मग त्याला दाखव."

मी बघितले. गाडीतल्या मागच्या रांगेतल्या बाकांवर निळ्या-काळ्या रंगाचे ओघळ. गोधड्या चिकटलेल्या. दोन बाकांच्या पाठी मधोमध चिरलेल्या. फादर म्हणाले, गाडी उघडल्याबरोबर असा वास आला की देवळाच्या दारात कोणाला उभं राहवेना.

काय झालं ते ड्रायव्हरनेच त्यांना सांगितलं होतं. भिवंडीच्या एका गोडाऊनवर त्याला गाडी थांबवायला लावली. तिथे कापड रंगवायच्या रंगाचे ड्रम आमच्या बाकांवर चढवले. हा म्हणाला, "खाली देवळाचं सामान आहे, लाकूड आहे, ड्रम नका टाकू." गोडाऊनवाल्याने उत्तर दिलं, "तू गाडी चालव." वाटेत एक ड्रम फुटला. फोन त्याने घाबरून बंद ठेवला होता. नागपूरला मात्र तो पळून गेला नाही. बाक उतरवायला स्वतः खांदा लावला.

नवऱ्याला फोटो दाखवले. तो बघत राहिला, मग रंधा उचलून खोक्यात ठेवला. त्याच्या वाटणीचाही राग मलाच आला असणार, कारण मी हातातलं काम टाकून तशीच स्कूटर काढली.

ऑफिसात मॅनेजर चहा पीत होता. मी फोटो त्याच्या नाकासमोर धरले. त्याने बोटाने फोटो मोठा करून बघितला, जसा एखादा साडीचा काठ बघावा.

"गाडीत असं होतं कधी कधी, मॅडम."

"गाडीत होत नाही. तुमच्या भिवंडीच्या माणसाने ड्रम चढवले."

"भिवंडी आमचं नाही. ते वेगळं आहे."

"मग गाडी कोणाची?"

"गाडी मालकाची. आम्ही फक्त बुकिंग करतो."

"मालक कुठे आहे?"

"ते बाहेरगावी असतात."

मग त्याने आमची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मागितली आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळ दाखवली: माल मालकाच्या जोखमीवर. म्हणजे माल आमचा, जोखीमही आमची. त्यांचं काय? त्यांचा चहा!

"तुम्हाला कोणी सांगितलं ड्रम चढवले म्हणून?" त्याने विचारलं.

"तुमच्याच ड्रायव्हरने," मी ओरडले. "तुमच्या सगळ्यांत खरं बोलणारा तो एकटाच निघाला!"

बाहेर दोन-तीन गाडीवाले उभे होते, ते आत डोकावले. मॅनेजरने पंखा वाढवला. मला थंड हवा हवी आहे असं त्याला वाटलं असावं. पोलिसांत गेले तर ते म्हणाले, हे ग्राहक मंचाचं काम. ओळखीच्या वकिलाने सांगितलं, केस करा, पण धीर धरा. केस केली. ती आजही चालू आहे आणि धीर माझ्याकडे पहिल्यापासूनच कमी.

नवरा इतकंच म्हणाला, "आपण तिकडे जाऊ. देवळाचा सण ठरलाय. लोक जमिनीवर बसतील."

आम्ही हत्यारं घेऊन नागपूरला गेलो. देवळामागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, त्याने बाक एकेक करून उलटे केले. रंग लाकडात किती खोल गेलाय ते नखाने खरवडून बघत होता. रंधा मारला की निळा भुगा उडायचा. जितका रंग काढायचा तितकी फळी पातळ व्हायची. तिथल्या बायका आळीपाळीने जेवण आणायच्या, बाप्ये घासायला बसायचे. ज्यांच्यासाठी आम्ही काम करून द्यायचं, तेच आमचं काम करत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

फादर रोज येऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "त्या लोकांना माफ करून टाक. मन हलकं होईल."

"फादर," मी म्हटलं, "माफी मागायला तरी कोण आलंय?"

माझ्या नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा रंधा थांबवला आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, हो म्हटल्यासारखी. इतक्या दिवसांत मला तेवढंच बळ मिळालं.

चिरलेले दोन बाक गेले ते गेलेच. बाकीचे उभे राहिले. सणाच्या मिस्सेला आम्ही मागच्या रांगेत बसलो. अगरबत्ती होती, फुलं होती, तरी फळीतून तो वास येत होताच. सगळे गुडघ्यावर होते. मी उठून बाहेर गेले. तिथे बसून मला देवाला चार गोष्टी सुनवाव्याशा वाटल्या असत्या आणि सणाच्या दिवशी ते बरं दिसलं नसतं.

परतीच्या प्रवासात मोबाइलवर त्या ट्रान्सपोर्टचा मेसेज आला. आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. खाली हसरा चेहरा.

महिन्याभराने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तो ड्रायव्हर होता. बाक नीट झाले का, एवढंच विचारायला त्याने फोन केला होता. मी त्याला सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "आता कुठे आहात? गाडीवर?"

"नाही ताई. त्या गाडीवरून काढलं मला. पार्टीला आतली गोष्ट सांगितली म्हणून."

त्यानेच समजूत काढली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दुसरी गाडी बघतोय."

त्याचं नाव ऑफिसात मी घेतलं, ही माझी चूक होती असं मी मानत नाही. खरं सांगणाऱ्याला लपवून ठेवावं लागतं, हा ज्यांच्या धंद्याचा नियम आहे, चूक त्यांची. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या ऑफिसात गेले. आत दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं, फुलपाड्याचं एक तरुण जोडपं. बदली झालेली, घरचं सामान इंदूरला न्यायचं होतं. मॅनेजर त्यांना सांगत होता, "गाडी इथे बंद होणार, तिकडेच उघडणार."

मी त्या मुलीला म्हटलं, "इथे देऊ नकोस. माझे बाक बघ." आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

मॅनेजर उठला. "मॅडम, तुम्ही धंद्यात खोडा घालताय."

"हो," मी म्हटलं. "आणि त्या माणसाला परत गाडीवर घेतलं नाहीत तर उद्याही येईन."

जोडपं उठून गेलं. ड्रायव्हरला त्यांनी परत घेतलं नाही. पुढे त्याला नाशिकच्या एका माणसाकडे गाडी मिळाली, हे त्याच्याच फोनवरून कळलं. मी मात्र बोलल्याप्रमाणे गेले, आणि त्यानंतरही बऱ्याचदा जाऊन दाराशी उभी राहिले, जोवर मॅनेजरने मला बघताच ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढायला सुरुवात केली नाही तोवर.

नवरा म्हणतो, आता पुरे, तब्येत बिघडेल. हैदराबादच्या एका देवळाचं काम आलं होतं, ते त्याने नाकारलं. आता तो वसईतल्या वसईत खिडक्या-दारं करतो. हात तोच आहे, पण बाकाचा कल मापायला तो आता कोणाला बसवत नाही. त्याच्या या गप्पपणाचा मला अजून राग येतो. मॅनेजरवरच्या रागापेक्षा हा वेगळा आहे, आणि याचं काय करायचं ते मला कळत नाही.