वणव्यातून वाचवणारं पाणथळ

जिंतूरकडच्या डोंगरात आमच्या गावाच्या वर माळावर एक पाणथळ आहे. पावसाचं पाणी तिथं साचतं आणि हळूहळू झिरपत खाली येतं, म्हणून गावच्या विहिरीला चैतातही पाणी असतं. वनखात्यानं ती जागा राखीव केली आहे. भोवती पांढरे दगड रोवलेत, त्यांच्या आत मेंढरं न्यायला बंदी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, हा नियम कधी मोडत नसत.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी दगडांच्या बाहेर मेंढरं चारत होतो. भर दुपार होती. आधी धुराचा वास आला, मग वाळलं गवत तडतडायला लागलं. वणवा! वारा आमच्याच दिशेनं. खाली उतरायची वाट धुरात दिसेनाशी झाली.

“आत्या, काय करायचं?”

“पाण्यात चल.”

“तिकडं बंदी हाय ना?”

“बंदी चरायला हाय, जीव वाचवायला न्हाई. पुढची मेंढी धर!”

मी कानाला धरून तिला ओढलं. ती चिखलाला बिचकली. आत्यांनी मागून ढकललं, तशी बाकीची तिच्यामागं आत शिरली. मी मांडीपर्यंत रुतले. एक पाय उपसला की दुसरा खोल जायचा. जळून मरते की बुडून, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आत्यांनी पदर भिजवून माझ्या तोंडावर धरला, माझा दंड घट्ट पकडला. त्या देवाचा धावा करत होत्या. त्याही घाबरल्यात हे कळलं आणि माझा उरलासुरला धीर गेला.

आग काठाशी आली. लव्हाळ्याची टोकं करपली, पण ओलीत ती पुढं सरकेना. दोन्ही बाजूंनी निघून गेली.

गावकरी आग झोडपायला लिंबाचे डहाळे घेऊन वर आले, त्यांनी दोर टाकून मला ओढून काढलं. दोन कोकरं बाहेरच राहिली होती, ती जळाली. एक टिटवी जळालेल्या काठावर ओरडत घिरट्या घालत होती.

आत्या गावकऱ्यांबरोबर आलेल्या वनरक्षकाला म्हणाल्या, “दादा, मेंढरं आत नेली. काय लिहायचं ते लिहा.”

“मावशी, आधी पाणी प्या,” तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मी परत माळावर गेले नाही. आत्या एकट्याच जात राहिल्या. त्या उतरेपर्यंत मी अंगणातून डोंगराकडं बघत बसायची. चुलीतलं लाकूड तडकलं तरी दचकायची.