घरच्या गाडीचं तिकीट

चैत्रातल्या उन्हात रुळांच्या तापल्या लोखंडाचा उग्र वास आणि निंबाच्या मोहराचा कडसर गंध एकत्र आला, की आमच्या गावचं स्टेशन आलं, हे डोळे मिटूनही कळावं. आता तिथं कुणी उतरत नाही. तिकिटाच्या खिडकीला फळ्या ठोकल्यात, फलाटावर वाळल्या तरोट्याच्या शेंगा खुळखुळतात, आणि गाड्या गावाकडे न पाहता धडधडत निघून जातात. केवढा हा एकांत!

स्टेशन कसलं, थांबाच तो: एक खोली, एक बाक, दिवसातून दोनदा पॅसेंजर. तिकीटविक्री गावातल्याच सुखदेवमामांकडे होती. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कुणी पळत येताना दिसलं, की मामा गार्डाला हाका मारून गाडी थोपवून धरीत. अशा माणसाकडून तिकीट घेणं म्हणजे परकेपणा दाखवणं, अशी आमच्या गावाची भाबडी समजूत! कॉलेजची तीन वर्षं मीही शेगावला फुकटच गेलो. "घरचीच तं हाये गाडी," म्हणायचं आणि चढायचं; मामाही हसून मान वळवीत. अतिप्रेमानंही एखादी गोष्ट मोडते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? कागदोपत्री आमच्या गावातून कुणी प्रवासच करीत नव्हतं. पुढे गाडी थांबेनाशी झाली.

ती रुखरुख घेऊन परवा, कित्येक वर्षांनी, मी गावी गेलो. मामांची क्षमा मागायची होती. ते फलाटावरच्या बाकावर एकटेच बसले होते; रोजच बसतात म्हणे. मी म्हणालो, "मामा, आम्ही तिकिटं काढली असती तर स्टेशन टिकलं असतं. चुकलंच आमचं."

मामांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली. मग म्हणाले, "तिकिटाचं काय घेऊन बसला बे! तू गेल्यावरही किती वर्षं गाडी थांबे इथं. मी डब्या-डब्यात पाहो, आपलं एखादं पोट्टं उतरते काय म्हणून. तू काऊन नाही उतरला?"

नोकरी, बदल्या, मुलांच्या परीक्षा. सारी कारणं ओठांवर आली आणि उच्चारायची लाज वाटली. आज मुक्कामाला राह्यशील का, असं त्यांनी विचारलं. शेगावहून सायंकाळची गाडी धरायची होती. मी तसं सांगितलं आणि निघालो.

तासाभरानं माझी गाडी त्याच स्टेशनातून वेगानं गेली. मामा उभे राहून एकेका डब्याकडे पाहत होते. मी खिडकीशीच होतो. त्यांना दिसलो की नाही, कोण जाणे.